चढाईपटू अनुप कुमार : एक रसग्रहण

दिल्लीतील मराठी माणसे गणेशोत्सवात एकत्र जमली, की बोलणे प्रथम बदल्यांवर येते, मग सरकारी निवासस्थानांच्या वाटपावर, आणि चहाचा दुसरा पेला हाती येईपर्यंत 'आपले' काय काय दुसऱ्यांनी नेले, याच्या हिशेबावर. या हिशेबात अलीकडे एका खेळाची भर पडली आहे. कबड्डी आमची, हुतुतू या नावाने ती आमच्या अंगणांत वाढली, तिचे नियम आम्ही लिहिले, आणि आज तिचे नाव निघाले की लोकांच्या ओठांवर हरियाणाचे नाव येते! केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ही तक्रार एका बैठकीत इतक्या कळकळीने मांडली, की तिला कोणी उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. परंतु त्या कळकळीत काहीतरी खरे होते आणि काहीतरी चुकत होते, ही रुखरुख मनात राहिली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वेळी न दिलेल्या उत्तराचा प्रयत्न होय.

उत्तर शोधावयाचे तर ते एखाद्या सिद्धान्तात शोधण्यापेक्षा एका माणसाच्या कारकिर्दीत शोधावे, असे आम्हांस वाटले. तो माणूस आपल्या शेजारचाच आहे. राजधानीच्या दक्षिणेस, गुरुग्राम जिल्ह्यातील पलडा या गावी २० नोव्हेंबर १९८३ रोजी जन्मलेला अनुप कुमार हा तो होय. त्याने मुंबईच्या संघाचे नेतृत्व केले, भारताला विश्वचषक मिळवून दिला आणि पुढे पुण्याच्या संघाचा प्रशिक्षक झाला. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीपण जपणाऱ्या आम्हां वाचकांच्या दृष्टीने या प्रवासाची दिशा मोठी लक्षणीय आहे. आपण तिकडून इकडे आलो. तो इकडून तिकडे गेला.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात खेळाडूचे रसग्रहण कशासाठी, असे कोणी विचारील. टीकेचे पहिले काम गाजलेले आणि चांगले यांत भेद करण्याचे आहे, आणि त्या कामाला विषयाचे बंधन नाही. ज्या कृतीत निवड आहे, संयम आहे, एकाच प्रसंगाला सामोरे जाण्याच्या दोन भिन्न तऱ्हा संभवतात, तेथे शैली असते. आणि शैली असते तेथे टीकाकाराला बोलण्याचा अधिकार पोहोचतो. चढाई ही अशीच कृती आहे. आणखी एक खुलासा आरंभीच करून ठेवतो. खेळाडूविषयी एकवचनात बोलण्याची मराठीत जुनी आणि लडिवाळ रीत आहे. ती आम्ही पाळीत आहोत. तीत अनादर नाही.

प्रथम आमच्या वडीलधाऱ्यांच्या दाव्याकडे वळू. तो दावा खोटा नाही. गावोगावी निरनिराळ्या तऱ्हेने खेळल्या जाणाऱ्या या खेळाला एकसूत्री नियम देण्याचा प्रयत्न १९१८ च्या सुमारास साताऱ्यास झाला. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून प्रसिद्ध केले. १९३६ साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जगापुढे या खेळाचे प्रात्यक्षिक केले. १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि पुढे बुवा साळवींसारख्या संघटकाने आयुष्य वेचून हा खेळ देशाच्या सीमेपलीकडे नेला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले, त्यामागे अशा अनेकांचे कष्ट होते. शांताराम जाधव, अशोक शिंदे, राजू भावसार ही नावे घेतली, की मुंबई-पुण्याच्या मैदानांवर उन्हातान्हात उभे राहून सामने पाहिलेल्या पिढीच्या डोळ्यांत आजही चमक येते. चेडुगुडू आणि हाडुडू म्हणून हाच खेळ दक्षिणेत व बंगालात खेळला जात होता, हे खरे. पण त्याला शास्त्र दिले ते बव्हंशी मराठी माणसांनी, हे मान्य करण्यास प्रत्यवाय नसावा.

परंतु शास्त्र लिहिणे वेगळे आणि ते अंगी मुरविणे वेगळे. लालबाग-परळच्या मंडळांनी कबड्डी जोपासली ती गिरणीच्या पाळीवरून सुटलेल्या पायांवर. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे जे झाले ते सर्वांस ठाऊक आहे. त्याच सुमारास दिल्लीच्या भोवतालच्या खेड्यांत एक वेगळी व्यवस्था आकार घेत होती. राजधानीच्या पश्चिमेकडील निजामपूर या गावाने राकेश कुमार आणि मनजीत छिल्लर यांच्यासारखे खेळाडू दिले; सोनीपतकडच्या रिंढाण्याने परदीप नरवाल दिला; गुरुग्रामच्या पलड्याने अनुप कुमार. या गावांत पहाटे मैदानावर जाणारा मुलगा केवळ हौसेने जात नाही. पोलीस, निमलष्करी दले, रेल्वे आणि सार्वजनिक उपक्रम यांतील नोकरीचा दरवाजा मैदानातून उघडतो, हे त्याच्या आईबापांना ठाऊक असते. अनुप कुमार २००५ साली केंद्रीय राखीव पोलीस दलात शिपाई म्हणून लागला आणि पुढे हरियाणा पोलिसांत अधिकारी झाला. सरकारी नोकरीवर आपली आयुष्ये उभी असलेल्या आम्ही या गोष्टीकडे नाक मुरडण्याचे कारण नाही. कला पोटापाण्याच्या आधाराने टिकते. आमच्याकडे तो आधार जेव्हा खचला, तेव्हा तिकडे तो बळकट होत होता, एवढाच या 'नेण्या'चा अर्थ आहे.

आता कारकिर्दीकडे येऊ. २०१० साली ग्वांगझू आणि २०१४ साली इंचॉन, अशा दोन आशियाई स्पर्धांतील सुवर्णविजेत्या भारतीय संघांत अनुप कुमार होता. २०१२ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. तरीही २०१४ च्या जुलैपर्यंत आपल्यापैकी किती जणांना त्याचे नाव माहीत होते? आम्हांस नव्हते, हे कबूल केलेले बरे. त्या महिन्यात व्यावसायिक प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मातीतला खेळ मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात आला. लिलावात सर्वांत मोठी बोली निजामपूरच्या राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजार रुपयांची. अनुप कुमार यू मुंबा या मुंबईच्या संघाचा कर्णधार झाला. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दीडशेहून अधिक गुण मिळविले आणि स्पर्धेतील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. त्या वर्षी मुंबईचा संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून २४-३५ असा हरला. २०१५ साली त्याच मुंबईत, बेंगळुरूला ३६-३० असे नमवून त्याने विजेतेपद मिळविले. तिसऱ्या हंगामाचा अंतिम सामना ५ मार्च २०१६ रोजी आपल्या दिल्लीत झाला. तेथे पाटण्याने मुंबईला ३१-२८ असे हरविले. ओळीने तीन हंगाम अंतिम सामना, आणि त्यांत एक विजय, हा झाला हिशेब. हिशेबातून शैली मात्र कळत नाही.

ती कळण्यासाठी चढाईचे व्याकरण थोडे आठवावे लागेल. मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. समोरच्या अर्ध्यात सात जण. चढाईपटू एकटा. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरांवर निदानरेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. दम तोंडाने ऐकू येईल असा चालू हवा, आणि सगळे ३० सेकंदांत आटोपावयास हवे. समोर सहा किंवा सात खेळाडू असतील, तरच बोनस रेषा ओलांडल्याचा गुण मिळतो. तोही कसा? एक पाय त्या रेषेपलीकडे टेकलेला असताना दुसरा पाय अधांतरी असला पाहिजे. परक्या मुलखात, सात जणांच्या टप्प्यात, क्षणभर एका पायावर उभे राहावयाचे आणि परत फिरावयाचे. नियम करणाऱ्यांनी हा प्रसंग किती बारकाईने कल्पिला असेल! बदलीच्या गावी एक पाय रोवून दुसरा हवेत ठेवणाऱ्या आम्हां मंडळींना तर त्यातील अवघडपण समजावून सांगण्याची गरज नाही.

अनुप कुमारची कला या अवघड क्षणी दिसते. तो मध्यरेषा ओलांडी तेव्हा धावत नसे. खांदे सैल, कंबर फारशी वाकलेली नाही, चेहऱ्यावर अर्धवट हसू. पाहणाऱ्याला वाटे, की हा गृहस्थ शेजाऱ्याच्या अंगणात पेपर मागावयास निघाला आहे. त्याची नजर पायांकडे नसे. ती कोपरारक्षकाच्या खांद्यावर आणि कमरेवर असे. बचाव करणारा झेप घेण्यापूर्वी त्याचे शरीर जे कबूल करून टाकते, ते हा वाची. मग पाय एकदा पुढे जाई आणि मागे येई. पुन्हा जाई, पुन्हा मागे येई. तिसऱ्या वेळी तो तसाच गेला असे वाटे, आणि तेवढ्यात बोनस रेषा ओलांडून झालेली असे. कोपरारक्षक चिडून पुढे सरसावला, तर परतणाऱ्या पायाचा अंगठा त्याच्या पावलाला लागलेला असे. हाताचा उपयोग त्यातल्या त्यात कमी, बळाचा त्याहून कमी.

या शैलीचे पहिले वैशिष्ट्य असे, की ती प्रतिपक्षाला घाई करावयास लावते आणि स्वतः घाई करीत नाही. दुसरे वैशिष्ट्य असे, की तिला लहान गुणाची लाज वाटत नाही. चार-पाच जणांना एका झेपेत बाद करणारी चढाई प्रेक्षकांना उठवून उभे करते. एक गुण घेऊन परतणारा खेळाडू टाळ्यांना मुकतो. पण ४० मिनिटांच्या सामन्यात असे एकेक गुण साचत जातात आणि प्रतिपक्षाच्या लक्षात येईपर्यंत अंतर पडलेले असते. तिसरे वैशिष्ट्य सर्वांत सूक्ष्म आहे. अनुप कुमारची रिकामी चढाईसुद्धा रिकामी नसे. संघ पुढे असताना तो ३० सेकंद पुरते वापरून, कोणालाही न शिवता, कोणाच्या हाती न सापडता परत येई, आणि मैदानातील सहा सोबत्यांना श्वास मिळे. गुणफलकावर या चढाईची नोंद शून्य अशी होते. कर्णधाराच्या वहीत ती वेगळी लिहिली जात असावी.

आमच्यापैकी ज्यांनी सचिवालयात वर्षे काढली आहेत, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. फाइल पुढे येते. तिच्यावर दोन पाने टिपणी लिहून आपली विद्वत्ता सिद्ध करता येते. आणि दोन ओळींचा शेरा लिहून काम पुढे सरकविताही येते. पहिल्याचे कौतुक होते, दुसऱ्यामुळे खाते चालते. संस्कृत काव्यशास्त्रात औचित्य हा गुण मानला आहे. कोणती गोष्ट, किती आणि केव्हा, याचे भान म्हणजे औचित्य. मराठी रसिकतेला हे तत्त्व तत्त्व म्हणून मान्य आहे. पण टाळी मात्र आपण झेपेलाच देतो. खेळात देतो, तशी कवितेत आणि व्याख्यानातही देतो. अनुप कुमारला पाहताना आपल्या अभिरुचीतील हे अंतर आम्हांस प्रथमच टोचले.

या शैलीची कसोटी २०१६ च्या ऑक्टोबरात अहमदाबादला लागली. विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून ३२-३४ असा हरला. घरच्या मैदानावर, ज्या खेळात आपण कधी हरतच नाही अशी समजूत होती, त्यात! २२ ऑक्टोबरला अंतिम सामन्यात इराणने मध्यंतरापर्यंत १८-१३ अशी आघाडी घेतली. त्या इराणी संघात फझल अत्राचली होता. तो पूर्वी अनुप कुमारच्याच हाताखाली मुंबईच्या संघात खेळलेला, म्हणजे घरचे सारे वासे मोजून आलेला. उत्तरार्धात भारताने सामना फिरविला आणि ३८-२९ असा जिंकला. चढाईत त्या दिवशी नाव झाले ते हिमाचलच्या अजय ठाकूरचे. त्याने १२ गुण मिळविले. कर्णधाराचे नाव त्या मानाने कमी गाजले. आम्हांस यात उणेपणा दिसत नाही. पाच गुणांनी मागे असलेला संघ बावरला नाही, त्याने आपला क्रम सोडला नाही, आणि जो चढाईपटू त्या दिवशी लयीत होता त्याच्याकडे चढाया जात राहिल्या. एकट्याच्या शैलीत असलेला संयम अकरा-बारा जणांच्या संघात उतरविणे ही नेतृत्वाची कला होय. लोक त्याला 'कॅप्टन कूल' म्हणत, ते या अर्थाने सार्थ होते.

इथवर स्तुती झाली. रसग्रहणात दोषदर्शन नसेल तर ते सत्काराचे भाषण होते. तेव्हा जे खटकते तेही सांगितले पाहिजे.

अनुप कुमारची शैली आघाडीवर असलेल्या संघाची शैली होती. समोर पुरे सात जण उभे असताना ती सर्वांत सुंदर दिसे. पण संघ दहा गुणांनी मागे पडला आणि वेळ संपत आला, की एकेक गुणाची ही बचत अपुरी पडे. बोनसचा नियमच असा, की समोर पाच किंवा कमी खेळाडू उरले की हे हत्यार म्यान करावे लागते. २०१४ चा अंतिम सामना अकरा गुणांनी गेला, त्यात या मर्यादेचा वाटा होता असे आमचे मत आहे. दुसरे असे, की व्यावसायिक कबड्डीचा वेग दर वर्षी वाढत गेला. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. या नियमाने सावकाशपणाचे मोल उतरविले. २०१७ च्या पाचव्या हंगामात परदीप नरवालने पाटण्यासाठी चढाईचे ३६९ गुण मिळविले. साखळी करून आवळू पाहणाऱ्या बचावपटूंच्या हातांखालून तो अशी डुबकी मारी, की पाहणाऱ्याने डोळे चोळावे. त्याच हंगामात अनुप कुमारचा मुंबई संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. काळ बदलला होता, आणि अनुप कुमारने आपली रीत फारशी बदलली नाही. तिला निष्ठा म्हणावे की हट्ट, याविषयी दोन मते संभवतात. आमचे मत हट्टाकडे थोडे झुकते.

चढाईपटूचे आयुष्य मुळातच अल्प असते. येथे दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेतील फुटबॉलमध्ये 'रनिंग बॅक' नावाचा खेळाडू असतो. चेंडू काखेत घेऊन त्याने समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत शिरावयाचे, आणि जितके यार्ड पुढे जाता येईल तितके जावयाचे. त्याच्यासाठी वाट फोडणारे सोबती असतात. चढाईपटूला तेही नसतात. पण दोघांची भाकरी पायांवर, गुडघ्यांवर आणि क्षणात दिशा बदलण्याच्या शक्तीवर असते. म्हणून दोघांची कारकीर्द तिशीच्या आसपास कलू लागते. डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स हा त्या खेळातील थोर रनिंग बॅक. त्याने १५,२६९ यार्डांची मजल मारली होती. तेव्हाचा उच्चांक १६,७२६ यार्डांचा होता; म्हणजे अंतर दीड हजारांहूनही कमी, एखाद्या चांगल्या हंगामाचे. १९९९ च्या जुलैत, ३१ व्या वर्षी, तो थांबला. उच्चांक तसाच सोडून दिला. त्याच्या चाहत्यांना हे अनेक वर्षे उमगले नाही.

थांबण्याची ही विद्या सर्वांना साधत नाही. परदीप नरवालचेच पाहा. तीन विजेतेपदे, कारकिर्दीत चढाईचे सुमारे १८०० गुण, २०२१ च्या लिलावात १ कोटी ६५ लाखांची विक्रमी बोली. २०२४ साली ती ७० लाखांवर आली, आणि २०२५ च्या लिलावात त्याच्यावर कोणी बोलीच लावली नाही. वयाच्या २८ व्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. यात त्याचा दोष काढण्याचा अधिकार आम्हांस नाही. आपल्या निवृत्तीची तारीख जन्मतारखेवरून सरकार ठरवून देते, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब होतो, निरोपसमारंभात श्रीफळ मिळते. बाजाराच्या नोकरीत तारीख दुसराच कोणी ठरवितो आणि ती आधी कळवीत नाही.

अनुप कुमारने आपली तारीख आपण ठरविली. सहाव्या हंगामात तो जयपूरकडे गेला होता. तेथे पूर्वीचा प्रभाव दिसला नाही. १९ डिसेंबर २०१८ रोजी, हंगाम संपण्याची वाट न पाहता, हरियाणातीलच पंचकुला येथे त्याने खेळातून निवृत्ती जाहीर केली. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता, म्हणजे या खेळाच्या मानाने उशीरच झालेला. चार महिन्यांपूर्वी जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत भारताचा पुरुष संघ उपान्त्य सामन्यात इराणकडून हरला होता, आणि १९९० पासून अखंड असलेली सुवर्णपदकांची माळ तुटली होती. त्या संघात अनुप कुमार नव्हता. तो असता तर निकाल बदलला असता, असे म्हणण्याचा मोह चाहत्यांना होतो. आम्ही तो टाळतो. बऱ्याच काळापूर्वी दिलेला खेळ दुसऱ्यांनी आत्मसात केला होता, आणि आता तो त्यांचाही झाला होता. बडोद्याच्या नियमावलीत ज्यांचा उल्लेखही नव्हता, त्या इराणी खेळाडूंनी ती आपल्यापेक्षा नीट वाचली होती.

याच ठिकाणी आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर उमगू लागते. पण कारकिर्दीचे एक प्रकरण अजून बाकी आहे, आणि ते मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. निवृत्तीनंतर अनुप कुमार पुणेरी पलटण या संघाचा प्रशिक्षक झाला. २०१९ चा हंगाम निराशेचा गेला. संघ तळाकडे राहिला. मग साथीमुळे एक वर्ष खेळच झाला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आठव्या हंगामात पुण्याने काही अनोळखी तरुणांना मैदानात उतरविले. त्यांत अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार हा चढाईपटू होता. संघ बाद फेरीत पोहोचला, पुढे जाऊ शकला नाही, आणि अनुप कुमारचे पुण्यातील पर्व तेथेच संपले. पुढील काळात दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली हा संघ वाढला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत त्याने पहिले विजेतेपद मिळविले तेव्हा कर्णधार होता अस्लम इनामदार. आणि अंतिम सामन्यात २८-२५ असा पराभव झाला तो हरियाणाच्या संघाचा.

या यशाचे सगळे श्रेय अनुप कुमारला देणे अतिशयोक्तीचे होईल. बियाणे कोणाचे, माती कोणाची आणि पाणी कोणाचे, हा हिशेब खेळात नेमका मांडता येत नाही. पण अस्लम इनामदारला खेळताना पाहावे. तोही घाई करीत नाही. तोही कोपरारक्षकाला आधी चळवितो, मग पाय घालतो. त्याने हे पलड्याच्या माणसाकडून घेतले, की त्याच्या जिल्ह्याच्या मैदानांवर ते आधीपासूनच होते? आम्हांस हा प्रश्न आवडतो, कारण त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी देता येते. साताऱ्याचे आणि बडोद्याचे जे नियम उत्तरेकडे गेले, ते गुरुग्रामच्या एका खेड्यात कोणाच्या तरी पायांत मुरले. ते पाय मुंबईस आणि पुण्यास येऊन गेले. आणि ते जेथून निघाले त्या मुलखातील एक मुलगा त्या पायांकडे पाहत मोठा झाला.

तेव्हा 'आमचे त्यांनी नेले' या तक्रारीत आम्हांस जे खरे वाटले होते, ते असे : आपण आपल्या खेळाची मैदाने सांभाळली नाहीत, गिरणीच्या पाळीबरोबर गेलेल्या मंडळांच्या जागी दुसरा आधार उभा करण्यास उशीर केला, आणि अशोक शिंदे, राजू भावसार यांच्यावर मराठीत रसग्रहणाचे चार शब्द पुरेसे लिहिले नाहीत. ही खंत आहे आणि ती आपली आपल्याशी आहे. तिचे देणे आपण हरियाणाच्या नावावर मांडीत होतो, तेवढे चुकत होते. मालकीचा पुरावा म्हणून १९२३ चे पुस्तक दाखविता येईल. पण खेळ पुस्तकात राहत नाही. ज्याला दम टिकविता येतो, त्याच्याकडे तो त्या ३० सेकंदांपुरता राहतो, आणि मग पुढच्याकडे जातो.

अनुप कुमारच्या कारकिर्दीचे मूल्यमापन आम्ही असे करू : तो आपल्या काळातील सर्वाधिक गुण मिळविणारा चढाईपटू नव्हता, आणि सर्वांत थरारकही नव्हता. बदलत्या वेगाशी जुळवून घेण्यात तो कमी पडला. पण थोडक्यात काम करण्याची, लहान गुणाचा मान ठेवण्याची आणि सापडण्यापूर्वी परतण्याची जी रीत त्याने दाखविली, तिच्यामुळे चढाई पाहण्याची आमची दृष्टी बदलली. अनेक गाजलेल्या खेळाडूंविषयी एवढे म्हणता येत नाही.

यंदाच्या गणेशोत्सवात ते वडीलधारे गृहस्थ पुन्हा भेटतीलच. त्यांच्याशी वाद घालण्याचा आमचा विचार नाही. त्यांच्या वयाचा आणि कळकळीचा मान आहे. त्यांना घेऊन एखाद्या रविवारी सकाळी गुरुग्रामकडे जावे आणि तिकडच्या एखाद्या गावात मैदानाच्या कडेला उभे राहावे, असा बेत आहे. मुले दम घेत असतील. शब्द तोच असेल, कबड्डी. काकांना तो ओळखीचा वाटेल, अशी आमची खात्री आहे.